सगळ्यांना चालेल असं काहीतरी

आमच्या नव्या वर्षाच्या जेवणाला मी यंदा आठ माणसं बोलावली आणि आठही जणांनी लगोलग फोन केले. एकाची साखर बंद. एकीचं मीठ बंद. एकाला वैद्याने वांगं, डाळ आणि संताप तिन्ही वर्ज्य सांगितलेत. माझ्या लेकीची मैत्रीण संध्याकाळी सातनंतर अन्नाला शिवत नाही. धर्मामुळे नव्हे, कमरेमुळे. मी रिसीव्हर कानाला लावून "हो गं, होईल गं, काहीतरी सगळ्यांना चालेल असं करते" म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत सुटले. सगळ्यांना चालेल असं काहीतरी! हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकवीस वर्षांची होते, आणि ते म्हणणारी बाई हसत नव्हती. तिच्या खोलीच्या मधोमध माळ्यावरून काढलेली मोठी ट्रंक होती, आणि ती भरायची की नाही हे एका जेवणावर ठरायचं होतं.

दादरला आज झेंडूचे ढीग लागलेत. पाऊस गेलाय पण जाताना दार नीट लावून गेलेला नाही, मध्येच एखादी सर येते. ऊन असं पडतं की दोरीवरचे कपडे तासात कडकडीत. या दिवसांत कुठल्याही जिन्यावर भोपळा तुपात परतल्याचा वास आला की माझे पाय आपोआप परळकडे वळतात. चाळ आता ओळखू येत नाही. वास ओळखू येतो.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. घरात बोलायचं मराठी, भांडायचं मराठी, आणि देवाशी बोलताना जे हिब्रू पाठ होतं ते मराठी हेलातच. बाबा गिरणीत फिटर होते. मोशे त्यांचं नाव, चाळीत सगळे मोशेभाऊ म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. बाबांनी एकही सभा चुकवली नाही. घसा बसेपर्यंत घोषणा देऊन घरी यायचे आणि आई न बोलता गरम पाणी आणि मीठ पुढे करायची.

अशाच एका सभेहून परतताना जिन्यात दत्तू भेटला. दत्तू म्हणजे आमच्या मजल्यावरचा मालवणी सांचेवाला, गिरणीत माग चालवणारा, गळ्यात कायम रुमाल, आवाज असा की गिरणीचा भोंगा बंद पडला तर दत्तूला गच्चीवर उभा केला असता. मनाने वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. तो म्हणाला, "मोशेभाऊ, तुम्ही कित्याक घसो सुकवतास? तुमचो मुलुख थंय, समुद्रापलीकडे. तुम्ही हंय पाव्हणे!" आणि हसला. बाकीचेही हसले. बाबाही हसले.

पण घरी आल्यावर त्यांनी गरम पाणी घेतलं नाही.

थोरले काका आधीच इस्राएलला गेले होते, आणि तिथून "या, या" चालूच होतं. इतके दिवस बाबा त्या हाकेला हसून उत्तर देत. त्या आठवड्यात जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "दत्तू खोटं नाही बोलला. पाव्हण्याने किती दिवस राहायचं? सण झाला की दादाला कळवतो."

आईने भात वाढायचा चमचा पातेल्यात तसाच उभा केला. माझी आई बुटकी, पण अशा वेळी ती उंच होत जायची. "पाव्हणे का आपण? बरं. मग मी आपल्या मजल्यावरच्यांना नव्या वर्षाचं जेवायला बोलावते. पाव्हणा कधी कुणाला जेवायला बोलावतो? आले, एका पंगतीत बसले, पानावरचं संपवून उठले, तर आपण इथे राहायचं. एक जरी माणूस आला नाही किंवा न जेवता उठला, तर ही ट्रंक मी माझ्या हाताने भरेन."

"आणि दत्तू?"

"दत्तूला तर पहिलं आमंत्रण!"

दुसऱ्याच दिवशी ट्रंक माळ्यावरून खाली आली. बाबांनी काढली की आईने, हे मला अजून माहीत नाही. आम्ही तिला वळसा घालून वावरायला लागलो.

आता हे ऐकताना सोपं वाटतं. चार घरांना जेवायला बोलावलं, त्यात काय? मग ऐका. त्या वर्षी आमचं नवं वर्ष आणि नवरात्र हातात हात घालून आले. शेजारच्या सरस्वतीकाकू, सोवळ्यातल्या, नऊ दिवस उपास. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, आणि ज्या भांड्याला कधी मांस लागलं त्या भांड्यातलं पाणीही नाही. त्यांच्या पलीकडचे शांतिभाई, कापडाच्या दुकानातले, जैन. जमिनीखालचा कंद चालत नाही, मध चालत नाही, दिवस मावळल्यावर काहीच चालत नाही. आणि आमचं नवं वर्ष उजाडत नाही, मावळतीलाच सुरू होतं, सफरचंद मधात बुडवून! दत्तूला सगळं चालतं, फक्त माशाशिवाय घास उतरत नाही, त्यातही कोळंबी सगळ्यात लाडकी, आणि कोळंबी आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, कारण खवले नसलेलं आम्हाला निषिद्ध. शिवाय आमचा स्वतःचा नेम असा की मांसाला दूध लागू द्यायचं नाही. म्हणून स्वयंपाकघरात दोन फळ्या. एक मांसाच्या भांड्यांची, एक दुधाच्या. त्या दोन फळ्या आयुष्यात एकमेकींशी बोलल्या नाहीत. भरीला भर, सणात आंबट करायचं नाही, वर्ष आंबट जातं.

राहिल्या कोपऱ्यातल्या सुमनबाई, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिक्षिका, आणि त्यांची म्हातारी आई भागूआई. त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतल्याला फार वर्षं झाली नव्हती. खोलीत नवा फोटो, नवं निळं तोरण. त्यांना विचारायला मीच गेले होते. सुमनबाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "आम्हाला सगळं चालतं, रिबका. आईला विचार, मदतीला येऊ का?"

मी नाचत घरी आले. "आई, एक तरी घर सोपं निघालं!"

आमंत्रणांची ने-आण माझ्याकडे होती, आणि मी त्यात जरा मीठमसाला घातला हे कबूल केलंच पाहिजे, नव्हे, अजूनही त्याचा मला आनंद होतो. शांतिभाई घाबरले होते. त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर मुंबई कुणाची ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि अक्षर दत्तूचं होतं. ते म्हणाले, "बेन, मी येते, पण तो दत्तू माझ्यावर ओरडेल तर?" मी म्हटलं, "तोच विचारत होता, शेठ माझ्यावर रागावलेत का म्हणून." आणि दत्तूला सांगितलं, "शेठ म्हणतात, दत्तू आल्याशिवाय मजा नाही." दोघेही आपापल्या दारात विचारात पडले. नाटकात पडदा वर जाण्याआधी असं थोडं करावं लागतं.

काकूंचं आमंत्रण मात्र आईनेच केलं, आणि तो प्रवेश मी दाराआडून पाहिला. काकू म्हणाल्या, "दीना, तुझ्यावर जीव आहे गं, पण तुमच्याकडे मटण शिजतं. माझं व्रत." आईने त्यांचा हात धरला, आमच्या स्वयंपाकघरात आणलं आणि दुधाच्या फळीपुढे उभं केलं. "सासूबाईंच्या वेळेपासून या फळीवरच्या एकाही भांड्याला मांस माहीत नाही. बघा." काकूंनी एकेक पातेलं उचलून त्यात नाक घातलं. वास घेतला, डोळे मिटले, परत घेतला. सोनार सोनं पाहील इतक्या सावकाशीने. आई श्वास रोखून उभी. शेवटी काकू म्हणाल्या, "अगं, तुझं सोवळं तर माझ्याहून कडक! आमच्याकडे तरी एवढं कोण पाळतं?" आणि थोड्या नाराजीनेच म्हणाल्या, "येईन."

आईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. तिने बेतच असा आखला की युद्धाचा नकाशा फिका पडावा. काकूंसाठी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, शांतिभाईंसाठी भोपळ्याची भाजी आणि पुऱ्या, दत्तूला आणि सुमनबाईंच्या घराला नारळाच्या दुधातलं मटण, आम्ही घरचे ते संध्याकाळी मांसाच्या ताटांत खाणार. हलवे दोन. आमच्यात या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा आटवतात, तो आमचा. आणि काकूंना गहू चालत नाही म्हणून शिंगाड्याच्या पिठाचा वेगळा. दाणा जमिनीखाली होतो तरी जैनांना चालतो आणि बटाटा चालत नाही, हे कसं, ते शांतिभाईंनी मला समजावलं होतं. मला तेव्हा पटलं होतं, आता आठवत नाही.

पहिला दिवस शनिवारचा, प्रार्थनेत गेला. शनिवारी शोफार फुंकत नाहीत, म्हणून मेंढ्याच्या शिंगाचा तो आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. त्या वर्षी वाटलं, हा आवाज आपल्याला बोलावतोय की निरोप देतोय? बाबा डोळे मिटून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

तो दिवस रविवारचा. गिरण्या बंद, भोंगा नाही, हवा तापलेली. सणात नवा जाळ पेटवायचा नाही, म्हणून सणाआधी पेटवलेली शेगडी निखाऱ्यांवर जिवंत ठेवलेली. पातेली कोपऱ्यात झाकून. आईने दुधाच्या फळीवरची ताटं काढून मांडली, घासूनपुसून आरशासारखी. ती पुरत नव्हती. म्हणून तिने केळीची तीन पानं आणून ठेवली.

सुमनबाई सांगितल्याप्रमाणे मदतीला आल्या, पदर खोचून. नारळ खवायला बसल्या. खवता खवता त्यांची नजर मांडलेल्या ओळीवर गेली. ताट, ताट, ताट. मग तीन पानं.

"वहिनी, ही पानं कुणाची?"

आई आमटी ढवळत होती. आनंदात होती बिचारी. "तुझी, भागूआईंची आणि दत्तूची. तुम्हाला काय बाई, सगळं चालतं! ताटं मेली पुरत नव्हती."

खवणीचा आवाज थांबला.

"चालतं म्हणून," सुमनबाई म्हणाल्या. आवाज वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलताना असतो तसा. "माझी आई ज्या घरांत जेवली ना वहिनी, तिथे ताटं आतल्यांना असायची. पान तिला, अंगणात. जेवून झाल्यावर आपलं पान आपण उचलायचं, जागा सारवायची, मग यायचं. आम्हाला काय चालतं ते तुम्ही विचारलंत. काय चालत नाही ते कुणी विचारलं नाही."

खवलेला नारळ त्यांनी झाकून ठेवला. हात धुतले. "येते," म्हणाल्या, आणि गेल्या. जेवायला येते, की आपलं नुसतं येते? आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो.

आई ट्रंकेवर बसली. त्या ट्रंकेवर कुणी बसायचं नाही असा आम्ही न बोलता नियम केला होता. ती बसली आणि ओळीकडे बघत राहिली. प्रत्येकाचा नेम तिने पाळला होता, प्रत्येकाचं भांडं वेगळं केलं होतं, आणि वेगळं करण्याच्या त्या नादात जिचा एकच नेम होता, वेगळं नको, तिलाच वेगळं वाढायला निघाली होती. हे घर दोन फळ्यांचं. वेगळं ठेवणं म्हणजे आदर, हे तिच्या हाडात. दुसऱ्या कुणाच्या हाडात त्याचा दुसरा अर्थ असेल, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि मी आईला इतकी लहान झालेली कधी पाहिली नाही.

मग ती उठली. ताटं उचलून फळीवर ठेवली, खणखण आवाज करत, रागाने, स्वतःवरच्या. "रिबका, खाली जा. सगळ्यांना पुरतील एवढी पानं आण. बाबांनासुद्धा पान. मलासुद्धा."

"आणि मटण?"

"झाकलेलं राहू दे. पंगतीला एकच जेवण. काकूंचं जे आहे ते सगळ्यांना. सगळ्यांना चालेल असं काहीतरी, म्हणजे तेवढंच."

"वरी पुरेल?"

"वाढव!"

मी पानं घेऊन वर आले तेव्हा आई सुमनबाईंच्या दारात उभी होती. भोपळ्याचे हात, केस विस्कटलेले. ती आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "सुमन, ताटं फळीवर ठेवली. सगळ्यांना पानं, एका ओळीत. पातेलं एक, डाव एक. मला एवढंच सुचलं. यायचं असेल तर ये, नसेल तर मी काही म्हणायची नाही."  आतून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला असेल, नक्की सांगता येणार नाही.

दुपार. दत्तू सगळ्यांच्या आधी हजर, केसांना तेल, हातात झेंडू. पातेल्याचं झाकण उचलून बघतो तर वरीचा भात. त्याचा चेहरा! "वैनी, म्हावरा?" "नाही." "मटण?" "नाही." "आमटीत आमसूल तरी?" "आज आंबट नाही." तो खचून भिंतीला टेकला. मी कानात सांगितलं, "संध्याकाळी परत ये, शेगडीवर काहीतरी आहे." तो सावरला. मग शांतिभाई आले, दारातूनच दत्तूकडे चोरून बघत. दत्तूही त्यांच्याकडे चोरून बघत. माझ्या मीठमसाल्याने दोघांनाही वाटत होतं की समोरचा आपल्यावर रुसलाय, आणि दोघेही इतक्या अदबीने सरकून जागा करून देत होते की मधे दोन माणसं मावावीत एवढी जागा झाली.

बाबा पाटावर बसले. पान पुढे, रिकामं. काकूंच्या पाटाच्या आणि माझ्या मधे दोन पाट रिकामे, भागूआई आणि सुमनबाईंचे. काकूही अजून आल्या नव्हत्या, म्हणजे तिसराही रिकामा. आई दाराकडे बघत नव्हती, म्हणजे दाराखेरीज कशाकडेच लक्ष नव्हतं. बाबांनी एकदा ट्रंकेकडे पाहिलं.

गॅलरीत काठी वाजली. भागूआई! मागे सुमनबाई, नवी पांढरी साडी. आईकडे पाहून हसल्या नाहीत. पण ओळीकडे पाहिलं, एकदा, शेवटपर्यंत, पानांवरून नजर फिरवत. मग भागूआईंना हात धरून बसवलं आणि स्वतः बसल्या. आईने पदराने कपाळ पुसलं.

आणि नेमक्या तेव्हा सरस्वतीकाकू दारात. धुवट लुगडं, हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या. रिकामा पाट एकच, भागूआईंच्या शेजारचा. काकू उंबऱ्यात थांबल्या. त्यांच्या नजरेत सगळं गेलं, पाट, म्हातारी, पान, परत म्हातारी.  शांतिभाईंनी छताकडे पाहिलं. दत्तू गळ्यातला रुमाल पिळत बसला. भागूआईंनी मान वर केली नाही. त्यांनी अशी थांबलेली पावलं आयुष्यभर ऐकली असणार. सुमनबाईंचा हात भागूआईंच्या पाठीवर गेला, उठवण्यासाठीच. मला ट्रंकेच्या कड्या दिसायला लागल्या.

"भागूबाई," काकू म्हणाल्या, "जरा सरका हो तिकडे. माझा गुडघा वळत नाही, पाय लांब करावा लागतो."

भागूआई सरकल्या. काकू कण्हत बसल्या, पाय लांब केला, तांब्या दोघींच्या मधे ठेवला.

बाबांनी खजूर हातात घेऊन हिब्रूत आशीर्वाद म्हटला. मध नव्हता, गुळाचा खडा प्रत्येकाच्या पानावर. आई एका पातेल्यातून, एका डावाने वाढत गेली. वरी, आमटी, भोपळा, शेवटी शिंगाड्याचा हलवा, जो रंगाने जरा करडाच दिसत होता. चव? खरं सांगू, आमटी अळणी होती. काकूंच्या सैंधवाचा अंदाज आईला आला नाही. तरी कुणी मीठ मागितलं नाही. दत्तूने दोनदा घेतली. तिसऱ्यांदा शांतिभाईंनी पातेल्याकडे पाहिलं तेव्हा दत्तूनेच डाव उचलला. "शेठ, वाढू? मुंबई तुमची की आमची ते मागाहून बघू, आमटी संपत इली!" शांतिभाई आधी दचकले, मग असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि काकूंनी न विचारता आपला तांब्या पुढे केला. तांब्या हातोहात गेला. परत आला तेव्हा रिकामा होता.

जेवणं झाली. पानं निपटलेली. पहिली हालचाल भागूआईंची. त्यांनी काठी बाजूला ठेवली, पान आपल्याकडे दुमडलं, आणि ते उचलायला वाकल्या. सवयीने. हात थांबवायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. सुमनबाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

बाबा ओळीच्या पलीकडच्या टोकाला होते. ते कसे एवढ्या झटकन आले मला कळलं नाही. गुडघे टेकून ते भागूआईंसमोर बसले आणि त्यांच्या हातातून पान घेतलं, हळूच.

"ठेवा, आई. पाव्हण्याने पान उचलायचं नसतं. ते घरच्यांचं काम."

बोलले आणि तसेच थांबले, दुमडलेलं पान हातात. जणू हे दुसऱ्याच कुणी म्हटलं आणि ते ऐकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती वळून पातेली आवरायला लागली. शहाणी होती.

मग बाबांनी सुमनबाईंचं पान उचललं, काकूंचं उचललं, शांतिभाईंचं उचललं. दत्तूला ते बघवेना. तो लगबगीने उठला, आपलं पान गोळा करत म्हणाला, "मोशेभाऊ, माझा मी उचलतंय, तुम्ही कित्याक..."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत पाटावर दाबलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा घसा मोकळा होता.

"बस खाली, दत्तू," बाबा म्हणाले. "तू पाव्हणा."